हजार ठोके

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे तुम्ही रांगेत उभे आहात. पुढचा माणूस सांगतो, "अर्धा किलो मटण, पावशेर कलेजी." खाटीक तपकिरी, गुळगुळीत यकृताचा तुकडा तराजूत टाकतो. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. हाच माणूस संध्याकाळी एखादी वाईट बातमी ऐकेल, तेव्हा छातीवर हात ठेवून म्हणेल, "काळजात चर्र झालं." कलेजी पोटातली, काळीज छातीतलं, आणि शब्द मुळात एकच. आपल्या भाषेनं यकृताची आणि हृदयाची गल्लत करून ठेवली आहे आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या त्या गल्लतीत सुखानं नांदतो आहोत.

यात हसण्यासारखं काही नाही. रक्त कुठे तयार होतं, कुठून निघतं आणि कुठे जातं, याबद्दल जगातले थोर थोर वैद्य जवळपास चौदाशे वर्षं अशाच गल्लतीत होते. आपल्या आयुर्वेदातही अन्नाचा रस यकृत-प्लीहेत जाऊन रंगतो आणि त्याचं रक्त होतं, असंच मानलेलं आहे.

तुमचा नंबर यायला अजून सात-आठ माणसं आहेत. तेवढ्यात जाऊन येऊ. उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी ठेवा. लागला ठोका? मोजायला सुरुवात करा. वाटेत काहीही दिसलं तरी बोटं उचलू नका. परतीची वाट तीच आहे.

कैरो, १२४२

रात्र आहे. दिव्याच्या उजेडात एक माणूस उजवीकडून डावीकडे लिहीत बसला आहे. वय तिशीच्या आतलं. जन्म दमास्कसचा, नाव इब्न अल-नफीस. इब्न सीनाच्या वैद्यकग्रंथातल्या शरीररचनेच्या भागावर तो भाष्य लिहितो आहे. त्याच्या खांद्यावरून डोकावून पाहा.

त्याच्या पुढ्यात जी परंपरा आहे ती गेलनची. दुसऱ्या शतकात रोममध्ये गाजलेला हा वैद्य. त्याचं म्हणणं असं : अन्न पोटात जातं, तिथून यकृतात येतं, यकृत त्याचं रक्त करतं. ते शिरांमधून हातापायांकडे निघतं आणि मांसात जिरून जातं. शेताला पाट काढावा तसं. पाटाचं पाणी वाफ्यात मुरतं, ते विहिरीत परत येत नाही. उद्याचं पाणी उद्या. यातलं थोडं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येतं, मधल्या भिंतीतल्या बारीक भोकांमधून डावीकडे झिरपतं आणि तिथे हवेशी मिसळून त्यात प्राण भरतो. ही भोकं कुणी पाहिलेली नाहीत. गेलननं सांगितली म्हणजे असणारच.

इब्न अल-नफीसचा बोरू इथे अडतो आणि पुन्हा चालू लागतो. तो लिहितो की ही भिंत भरीव आहे. तिला दिसणारी भोकं नाहीत आणि न दिसणारीही नाहीत. मग उजवीकडचं रक्त डावीकडे जाणार कसं? एकच वाट उरते : उजव्या कप्प्यातून फुप्फुसात, तिथे हवेची गाठ, आणि फुप्फुसातून डाव्या कप्प्यात. शवविच्छेदनापासून आपल्याला धर्माचा नियम आणि मनातली करुणा परावृत्त करतात, हेही त्यानं लिहून ठेवलं आहे. तरी भिंतीचं खरं त्यानं ओळखलं.

तुम्हाला वाटेल, झालं, सुटलं कोडं. पण हे पान पुढे ग्रंथालयात पडून राहणार आहे. १९२४ साली एका इजिप्शियन डॉक्टरला बर्लिनच्या ग्रंथालयात त्याची हस्तलिखित प्रत सापडेल, तेव्हा जगाला ते कळेल. दरम्यान युरोपातले विद्वान आणखी कितीतरी वर्षं त्याच भिंतीत तीच भोकं शोधत बसतील.

बोटं मनगटावर आहेत ना? चला.

पादुआ, १६०१चा हिवाळा

आधी वास येतो. मेणबत्त्यांचा, दमट लोकरी कपड्यांचा आणि त्याखालचा, ज्याच्यासाठी हे काम हिवाळ्यातच उरकतात तो. तुम्ही एका लाकडी विहिरीच्या काठावर उभे आहात. लंबवर्तुळाकार सहा मजले, एकाखाली एक आणि अरुंद होत गेलेले. बसायला जागा नाही. सगळे विद्यार्थी कठड्याला छाती टेकवून खाली वाकलेले. तळाशी टेबल, टेबलावर प्रेत. पादुआ विद्यापीठाचं हे शवविच्छेदनाचं नाट्यगृह बांधून जेमतेम सहा-सात वर्षं झाली आहेत. याच विद्यापीठात सध्या गॅलिलिओ गणित शिकवतो.

खाली साठी ओलांडलेले प्राध्यापक फाब्रिचिओ शीर उभी चिरून उघडतात. आतल्या बाजूला छोटे छोटे खिसे दिसतात, सदऱ्याच्या खिशासारखे, जोडीजोडीनं शिवलेले. ते त्यांना लॅटिनमध्ये 'लहान दारं' म्हणतात. आपण मराठीत झडपा म्हणतो, तीही दाराचीच भाषा. या झडपांवर ते लवकरच सचित्र पुस्तक काढणार आहेत, १६०३ साली.

दारं कशासाठी? प्राध्यापक सांगतात : रक्त यकृतातून खाली धावतं, ते सगळं पायात साचून पाय सुजू नयेत म्हणून वाटेत हे बांध घातले आहेत. वेग आवरायला.

तुम्ही वाकून नीट पाहा. खिशांची तोंडं सगळी हृदयाकडे आहेत. हृदयाकडे जाणारं रक्त त्यांना भिंतीशी दाबून सरळ निघून जाईल. उलट फिरलेलं रक्त खिशात भरेल, खिसे फुगतील आणि वाट बंद होईल. हा वेग आवरणारा बांध नव्हेच, ही एकेरी वाहतूक आहे. फाब्रिचिओंनी दार शोधलं, उघडलं, त्याचं चित्रही काढलं. ते कुठल्या बाजूला उघडतं याचा अर्थ मात्र त्यांना लागला नाही, कारण रक्त कुठे जातं हे आधीच ठरलेलं होतं.

तुमच्या शेजारी कठड्याला टेकून एक बुटका, सावळासा इंग्रज तरुण उभा आहे. वय तेवीस. विल्यम हार्वे. पुढच्या वर्षी इथलीच पदवी घेऊन तो मायदेशी जाईल. त्याच्या म्हातारपणी शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल त्याला विचारणार आहे की तुम्हाला हे सुचलं कशावरून, आणि तो शिरांमधल्या झडपांचं नाव घेणार आहे. आत्ता तो काहीच बोलत नाही. नुसता पाहतो आहे.

लंडन, १६१६ आणि पुढची बारा वर्षं

हार्वे आता सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाचा वैद्य आहे. १६१६च्या एप्रिलमध्ये त्यानं वैद्यांच्या महाविद्यालयात शरीररचनेवरची व्याख्यानं सुरू केली. त्यानंतर आठवड्याभरात तिकडे स्ट्रॅटफर्डला शेक्सपियर वारला. पण व्याख्यानाला बसू नका. तो काम करतो तिथे जाऊ.

भांड्यात वळवळणारे ईल मासे, टोपलीत बेडूक, एका बशीत साप. हार्वेचे डोळे काळेभोर आणि चपळ, स्वभाव तापट, कमरेला खंजीर. त्याची अडचण साधी आहे. कुत्र्याची छाती उघडली की हृदय इतक्या झपाट्यानं उडतं की कधी आकसलं आणि कधी फुललं हेच कळत नाही. विजेसारखं येतं आणि जातं. हृदयाची हालचाल फक्त देवालाच ठाऊक असावी, असं एकदा आपल्याला वाटलं होतं, हे त्यानं पुस्तकात कबूल केलं आहे.

मग त्यानं वेगच कमी केला. थंड रक्ताच्या प्राण्यांचं हृदय सावकाश चालतं, मरणाऱ्या प्राण्याचं तर थांबत थांबत. म्हणून हे बेडूक, साप आणि ईल. शिवाय थेम्समधली करंदीसारखी एक इवलीशी कोळंबी, जिचं अंग काचेसारखं आरपार. तिला पाण्यात सोडून तिच्या हृदयाची धडधड त्यानं मित्रांना दाखवली आहे, खिडकीतून दाखवावी तशी.

ईलचं हृदय तळहातावर घ्या. अंगाबाहेर काढलेलं आहे, तरी उडतं आहे. ते आकसतं तेव्हा बोटाला कडक लागतं आणि फिकट दिसतं. सैल सुटतं तेव्हा मऊ आणि लालसर. आता मूठ घट्ट वळा आणि दुसऱ्या हातानं कोपराखालचा स्नायू चाचपा. तोच कडकपणा. म्हणजे हृदय स्नायू आहे आणि आकसणं हे त्याचं काम. आजवर सगळे उलट समजत होते : भाता फुगतो आणि वारा ओढतो, तसं हृदय फुलताना रक्त ओढतं. हार्वेनं पाहिलं की ते पिळतं. खरंच पिळतं. हृदयाचे तंतू पीळ घातल्यासारखे तिरपे गुंडाळलेले असतात आणि ठोक्याला ते ओलं धोतर पिळावं तसे वळतात. तोच झटका छातीच्या फासळीवर बसतो आणि आपण म्हणतो, धडधडतंय.

आणखी एक. आधी वरचे दोन कप्पे आकसतात, लगेच खालचे दोन. वरच्यांना आपल्या शाळेच्या पुस्तकात अलिंद म्हटलं आहे, खालच्यांना निलय. हार्वेनं मरणाऱ्या प्राण्यांत पाहिलं की डावा निलय आधी थांबतो आणि उजवं अलिंद सर्वांत शेवटी. एकदा कबुतराचं हृदय थांबलेलं होतं. त्यानं थुंकीनं ओलं आणि कोमट केलेलं बोट काही वेळ त्यावर ठेवलं. ते पुन्हा हलायला लागलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता तुमची पाळी. बाही वर करा. रक्त तपासायला गेल्यावर दंडाला रबराची पट्टी बांधतात ना, तशी पट्टी हार्वे तुमच्या दंडाला बांधतो. आधी करकचून. हात पांढरा पडतो, गार होतो, मनगटाची नाडी जाते. घाबरू नका, मोजणी माझ्याकडे. पट्टी थोडी सैल होते. नाडी परत येते, हात लाल होऊन भरतो आणि पट्टीखालच्या शिरा दोरासारख्या टरारतात. का? धमन्या खोल असतात, शिरा वर. करकचून बांधलं तेव्हा दोन्ही वाटा बंद होत्या. सैल केलं तेव्हा आत येणारी खोल वाट उघडली आणि परत जाणारी वरची वाट बंदच राहिली. हातात येणाऱ्या रक्ताला बाहेर पडता येईना. म्हणजे रक्त शिरांतून हाताकडे येत नाही. ते धमन्यांतून येतं आणि शिरांतून परत जातं.

टरारलेल्या शिरेवर मधेमधे गाठी दिसतात, त्याच पादुआच्या झडपा. हार्वे एका ठिकाणी बोट दाबून धरतो, दुसऱ्या बोटानं त्याच्या वरचं रक्त खांद्याच्या दिशेनं पुढच्या गाठीपलीकडे निपटतो. मधला तुकडा रिकामा. वरून रक्त खाली दाबून पाहा, उतरत नाही. गाठ अडवते. खालचं बोट उचललं की शीर क्षणात खालून भरते. गेलनचे पाट आणि वाफे इथे मोडून पडतात. रक्तपेढीतली परिचारिका रोज हाच प्रयोग करते. फक्त त्याला प्रयोग म्हणायचं कारण आता उरलेलं नाही.

आणि मग हिशेब. हार्वे कागद ओढतो. डाव्या निलयात दोनेक औंस रक्त मावतं. ठोक्याला त्यातलं किती बाहेर पडत असेल? अर्धा औंस धरू, साधारण पंधरा ग्रॅम. अर्ध्या तासात ठोके किती? हजार धरू. तुम्ही मनातल्या मनात चुळबुळता, कारण तुमच्या बोटाखाली हजार ठोके पाव तासातच होतात. पण त्याला कंजूषच आकडे हवे आहेत, कुणी फुगवले म्हणू नये म्हणून. अर्धा औंस गुणिले हजार : अर्ध्या तासात पंधरा किलो रक्त. विरोधक म्हणतील अर्धा औंस फार झाला. ठीक आहे, एक ड्रॅम धरा, जेमतेम चार ग्रॅम. तरी तासाला आठ किलो. इतकं अन्न माणूस दिवसभरात तरी खातो का? यकृतानं करायचं म्हटलं तरी एवढं रक्त कशातून करायचं? आणि रोज एवढं जिरलं तर माणूस फुटायला हवा.

मग तो तुमच्या ओळखीचा साक्षीदार उभा करतो : खाटीक. बैलाची मानेकडची धमनी कापली की पाव तासाच्या आत अंगातलं सगळं रक्त निघून जातं, हे त्याला माहीत आहे. एका बैलात मोजकंच रक्त असतं. तेच फिरतं. तेच, पुन्हा पुन्हा.

आजच्या मापानं हा हिशेब असा. ठोक्याला सत्तर मिलिलिटर, मिनिटाला सत्तर ठोके, म्हणजे मिनिटाला पाच लिटर. अंगात रक्तही पाचच लिटर. दिवसाला सात हजार लिटर. दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर सोसायटीत आला तर त्याचा जवळपास पाऊण भाग. हे काम करणारा अवयव मुठीएवढा, वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास.

ही एक मोटार नव्हे, एकाच भिंतीला चिकटून बसवलेले दोन हापसे आहेत. उजवा हापसा अंगभरातून आलेलं मळकं रक्त घेतो आणि शेजारच्या फुप्फुसात ढकलतो. डावा फुप्फुसातून आलेलं ताजं रक्त घेतो आणि महाधमनीत सोडतो, डोक्याच्या केसांपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. उजव्याला शेजारी जायचं, डाव्याला गावभर. म्हणून डाव्या निलयाची भिंत उजव्यापेक्षा साधारण तिप्पट जाड. प्रत्येक हापशाला दोन झडपा : एक अलिंद आणि निलयाच्या मधे, दुसरी निलयातून बाहेर पडण्याच्या दारात. झडपेला स्वतःची ताकद नसते. मागून रेटा आला की उघडते, पुढून आला की मिटते. निलय जोरानं आकसला की आतल्या झडपा वादळातल्या छत्रीसारख्या उलट्या होतील, म्हणून त्यांच्या कडांना बारीक दोऱ्या बांधलेल्या असतात आणि त्या दोऱ्या निलयाच्या भिंतीतल्या लहान स्नायूंनी धरलेल्या असतात. डॉक्टर छातीला नळी लावून जे 'लब-डब' ऐकतात, तो रक्ताचा आवाज नव्हे. दारं लागल्याचा आवाज आहे. आतली दोन मिटली की लब, बाहेरची दोन मिटली की डब.

१६२८ साली फ्रँकफर्टमध्ये हार्वेचं पुस्तक निघतं. लॅटिन भाषा, बहात्तर पानं, छपाईच्या भरपूर चुका. चरित्रकार जॉन ऑब्री सांगतो की या पुस्तकानंतर हार्वेचे रुग्ण कमी झाले, लोक त्याला चक्रम समजू लागले. पॅरिसचा वैद्य रिओलान पुढे त्याच्याशी वाद घालणार आहे. घालू द्या. गुणाकार बरोबर आहे.

लंडन, साधारण १६४१

हार्वे आता राजवैद्य आहे आणि राजा पहिला चार्ल्स त्याच्यावर खूश आहे. पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेतच हार्वेनं लिहिलं होतं की हृदय हे शरीराचा राजा आणि राजा हे राज्याचं हृदय.

समोर अठरा-एकोणीस वर्षांचा देखणा तरुण उभा आहे. आयर्लंडच्या एका सरदाराचा मुलगा, ह्यू माँटगोमेरी. लहानपणी घोड्यावरून पडला, डाव्या फासळ्या मोडल्या, गळू झालं, पू वाहिला, आणि जखम भरताना छातीत एक मोठी पोकळी तशीच राहिली. तो त्यावर धातूचा पत्रा लावून हिंडतो. आता पत्रा काढतो.

हार्वे आत तीन बोटं घालतो. दुसरा हात त्याच्या मनगटावर. मग तुम्हाला खूण करतो. घाला हात. बोटांच्या टोकाला काहीतरी मऊ, ओलसर, जिवंत येऊन धडकतं आणि मागे सरतं. धडकतं तेव्हा मनगटातली नाडी उसळते. पंचवीस वर्षं ईल आणि कुत्र्यांमध्ये पाहिलेलं इथे हसत्या-बोलत्या माणसात हाताला लागतं आहे. हार्वे तरुणाला विचारतो, दुखतंय का? काही कळतंय का? त्याला काहीच कळत नाही. हात कातडीला लागला किंवा डोळ्यांना दिसला तरच समजतं. ज्या अवयवाला आपण सगळ्या दुःखाचं घर समजतो, त्याला स्पर्शच कळत नाही.

राजानंही हे हृदय पाहिलं. आठ वर्षांनी, १६४९ साली, त्याच राजाचं डोकं उडवलं गेलं.

बोलोन्या, १६६१

हार्वे चार वर्षांपूर्वी वारला. एक गोष्ट त्याला कधीच दिसली नाही. रक्त धमनीतून जातं, शिरेतून येतं. पण धमनीचं टोक आणि शिरेचं टोक एकमेकांना भेटतं कुठे? मांसातल्या छिद्रांतून रक्त पलीकडे जात असावं, असं त्यानं धरून चाललं होतं. गंमत पाहा, गेलनची भोकं नाकारणाऱ्यालाही शेवटी न दिसलेल्या भोकांचाच आधार घ्यावा लागला.

खिडकीशी मार्चेल्लो मालपिघी सूक्ष्मदर्शकावर वाकला आहे. हार्वेचं पुस्तक निघालं त्याच १६२८ साली त्याचा जन्म झाला. मेंढीच्या फुप्फुसावर केलेले प्रयत्न फसले, म्हणून आता त्यानं बेडकाचं घेतलं आहे, कारण ते पातळ आणि पारदर्शक. एक डोळा मिटा आणि पाहा. नदीचे फाटे, फाट्यांचे ओढे, ओढ्यांचे ओहोळ. कुठेच जमिनीत मुरत नाहीत. ते जाळ्यासारखे एकमेकांत मिसळतात आणि पलीकडे पुन्हा ओढे, पुन्हा नदी. रक्त एका क्षणासाठीही नळीबाहेर पडत नाही.

आपण त्यांना केशवाहिन्या म्हणतो, पण केसाचं नाव देणंही जास्तच झालं. त्यांची जाडी केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी. रक्तपेशींना तिथून एकापाठोपाठ एक, अंग चोरून जावं लागतं. सगळी देवघेव इथेच होते : प्राणवायू बाहेर, कचरा आत. निलयाचा सगळा जोर, झडपांची सगळी शिस्त ही एवढ्या एका गल्लीपर्यंत रक्त पोचवण्यासाठी. मालपिघी हे पिसाच्या आपल्या मित्राला, बोरेल्लीला, पत्रात कळवतो. वर्तुळ मिटलं.

केंट, १९०६चा उन्हाळा

एक प्रश्न उरला. ईलचं हृदय तळहातावरही का उडत होतं? कबुतराचं हृदय ओल्या, कोमट बोटानं का जागं झालं?

इंग्लंडच्या केंट परगण्यात ब्रेडगर नावाच्या गावातलं एक घर. शरीररचनातज्ज्ञ आर्थर कीथ बायकोबरोबर सायकलवर फिरायला गेला आहे. घरात मार्टिन फ्लॅक नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला आहे. काचपट्टीवर जमिनीत बिळं खणणाऱ्या 'मोल' नावाच्या लहान प्राण्याचं हृदय. वरची महाशीर उजव्या अलिंदाला मिळते तिथे त्याला एक वेगळीच वीण दिसते. सायकली दाराशी आल्या की तो उठून घाईघाईनं दाखवायला धावेल.

ही हृदयाची घंटा. तिथल्या पेशी मेंदूची वाट न पाहता स्वतःहूनच विजेची बारीकशी लहर सोडतात. लहर अलिंदांवर पसरते, ती आकसतात. मग अलिंद आणि निलय यांच्या सीमेवर सुनाओ तावारा या जपानी संशोधकानं जर्मनीत याच वर्षी वर्णन केलेली दुसरी गाठ ती लहर सेकंदाचा दहावा भाग अडवून धरते. निलय भरायला एवढीच सवड. मग लहर खाली सुटते आणि निलय तळापासून वर पिळले जातात. हार्वेनं डोळ्यांनी पाहिलेला क्रम हाच : आधी वरचे, मग खालचे. उजवं अलिंद सर्वांत शेवटी का थांबतं तेही आता कळलं. घंटा तिथेच बसवलेली आहे.

परळ, फेब्रुवारी १९६८

आता घराजवळ आलो. मुंबईचं केईएम रुग्णालय. दोन-अडीच महिन्यांपूर्वी, ३ डिसेंबर १९६७ला, केपटाऊनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका माणसाचं हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवलं. जगभरात खळबळ आहे. इथे डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांचे सहकारी तेच करायला उभे राहिले आहेत, देशात पहिल्यांदा.

नव्या हृदयाच्या महाधमनीला नव्या माणसाची महाधमनी जोडली जाते. एकच बारकावा पाहून घ्या. महाधमनीच्या अगदी मुळाशी दोन बारीक धमन्या फुटतात आणि हृदयावरच मुकुटासारख्या पसरतात. आत दिवसाला सात हजार लिटर रक्त खेळवणारं हृदय स्वतः त्यातलं घोटभरही थेट पीत नाही. बाहेर सोडलेल्या रक्तातून त्याला आपला वाटा माघारी घ्यावा लागतो. या दोन धमन्या तुंबल्या की हार्ट अटॅक.

या हृदयाच्या नसा कापलेल्या आहेत. मेंदूशी त्याचा थेट संबंध उरलेला नाही. तरी प्रत्यारोपण केलेलं हृदय चालतं ते आपल्या घंटेवर, ईलच्या हृदयासारखं. परळमधला तो रुग्ण काही तासच जगला. पण ज्या वाटेवर त्याला नेलं होतं त्या वाटेनं पुढे हजारो माणसं जगली.

पुन्हा रांगेत

बोटं उचला. तुमचा नंबर आला. खाटीक विचारतो, "बोला, काय देऊ?"

एकदा बोकडाचं दिल मागून घ्या. घरी ताटात ठेवून आडवं कापा. एक कप्पा पातळ भिंतीचा, दुसरा जाड. हा जाड तो डावा. मधल्या भिंतीला बोट लावून पाहा, ती भरीव आहे, इब्न अल-नफीसनं सांगितली तशी. उभं उघडलंत तर झडपांच्या दोऱ्याही दिसतील. घरात शाळकरी मूल असेल तर त्याला शेजारी बसवा आणि काहीही समजावून सांगण्याआधी त्याला विचारा, हे दार कुठल्या बाजूला उघडतं?

आणि मोजणी किती झाली सांगतो. हे वाचायला तुम्हाला साधारण पाव तास लागला. तेवढ्यात हजार ठोके पडले आणि सत्तर लिटर रक्त महाधमनीतून गेलं. तुमच्या अंगात रक्त आहे पाच लिटर. उरलेले पासष्ट लिटर कुठून आले, हा प्रश्न कुणीतरी कागदावर मांडायला चौदाशे वर्षं लागली.